फी वाढ 'सरकारमान्य' आहे म्हणे! पण मान्य केली कोणी आणि कशावरून?

भाचीच्या इंजिनिअरिंग अ‍ॅडमिशनला मी ताईबरोबर गेलो होतो. कॅप राउंडचं, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेशप्रक्रियेचं, अलॉटमेंट लेटर हातात, कागदपत्रांची फाइल लावलेली, पैसे खात्यात तयार, सगळं नीट, आणि काउंटरवरच्या बाईंनी जो आकडा सांगितला तो आम्ही घरून धरून आलेल्या आकड्यापेक्षा चांगलाच जास्त निघाला. ताई म्हणाली, "अहो पण आम्ही बघितली तेव्हा कमी होती." बाई मान वर न करता म्हणाल्या, "एफआरएने वाढवून दिलीय मॅडम, सरकारमान्य आहे."

झालं. एफआरए म्हणजे खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी मंजूर करणारं प्राधिकरण, त्याचं पुढे सांगतोच. सरकारमान्य म्हटलं की आपण गप्प बसतो, तसे आम्हीही बसलो आणि पैसे भरले. घरी येताना रस्त्यात एक पाटी दिसली, सरकारमान्य देशी दारूचे दुकान, तेव्हा मनात आलं की मान्य असणं आणि योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बुवा. मी एका सीएच्या ऑफिसात हिशेबाचंच काम करतो, ट्रस्टचे ताळेबंद रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून मग बसून हे सगळं प्रकरण नीट वाचून काढलं. ते इथे साध्या भाषेत सांगतोय, कारण दरवर्षी अ‍ॅडमिशनच्या दिवसांत हाच गोंधळ होतो आणि लोक एकतर सरकारला शिव्या घालतात नाहीतर कॉलेजला, आणि मधे नेमकं काय होतं ते कोणी बघत नाही.

आधी एक गाळणी लावून घेऊ, कारण 'कॉलेजची फी' असा एकच प्रकार नसतो. साधं बीए, बीकॉम, बीएस्सीचं कॉलेज असेल तर फीचा विषय विद्यापीठाकडे जातो, २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली. शाळा असेल तर कायदाच वेगळा, २०११ चा, तिथे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी ठेवावी लागते. डीम्ड विद्यापीठ असेल तर महाराष्ट्राच्या या यंत्रणेत ते येतच नाही. आपण बोलतोय ते खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजबद्दल, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए, आर्किटेक्चर, लॉ, बीएड, मेडिकल, डेंटल वगैरे. यांच्यासाठी २०१५ चा कायदा आहे, त्याचं नाव इतकं लांब आहे की पूर्ण लिहिलं तर हा परिच्छेद तिथेच संपेल, पण त्या कायद्याने दोन प्राधिकरणं केली, एक प्रवेश नियामक आणि दुसरं शुल्क नियामक. हे दुसरं म्हणजे एफआरए. त्याचे अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश असतात आणि सोबत हिशेबातली, शिक्षणातली माणसं बसतात. म्हणजे 'सरकारने फी वाढवली' हे वाक्य तसं चुकीचंच आहे. मंत्रालयात बसून कोणी मंत्री तुमच्या कॉलेजची फी ठरवत नाही.

हे असं निवृत्त न्यायाधीशाकडे का गेलं याची गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. १९८३ च्या सुमारास वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. तोवर आपली पोरं कर्नाटकात जाऊन पैसे भरून शिकायची, तो पैसा इथेच राहील असा हिशेब होता. कॉलेजं निघाली, भराभर निघाली, साखर कारखान्याच्या शेजारी निघाली, माळरानावर निघाली, आणि त्यांच्याबरोबर डोनेशन नावाचा प्रकारही आला. इतका आला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. त्या कायद्याने डोनेशन थांबलं का, ते तुम्ही आपल्या घरातल्या पन्नाशीच्या माणसाला विचारा.

मग विषय सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथे बरीच वर्षं राहिला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन निकालात कोर्टाने निम्म्या सीट फ्री आणि निम्म्या पेमेंट अशी योजना आखून दिली, म्हणजे पेमेंटवाल्याच्या पैशातून फ्रीवाला शिकणार. कागदावर छान, पण मेरिटवर फ्री सीट मिळालेला मुलगा बऱ्याचदा शहरातला खाऊनपिऊन सुखी घरचा आणि पेमेंट सीटवर शेत विकून आलेला, असंही व्हायला लागलं. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ११ न्यायाधीशांच्या खंडपीठाने ही योजना काढून टाकली आणि सांगितलं की खासगी विनाअनुदानित संस्थेला आपली फी ठरवायचा अधिकार आहे, वाजवी शिल्लकही ठेवता येईल, पण नफेखोरी नाही आणि कॅपिटेशन नाही. आता 'वाजवी' कुठे संपतं आणि 'नफेखोरी' कुठे सुरू होते हे कोण सांगणार? म्हणून २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालात कोर्टाने प्रत्येक राज्याला समिती नेमायला सांगितली, निवृत्त हायकोर्ट न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली. तीच आपली जुनी शिक्षण शुल्क समिती. त्या निकालात न्या. सिन्हा यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात शिल्लक साधारण ६ ते १५ टक्के असावी असंही लिहिलं. २००५ मध्ये इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन हा खटला आला, ७ न्यायाधीश बसले आणि समित्या टिकल्या. मग २०१५ ला आपला कायदा झाला, आणि २०१६ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका डेंटल कॉलेजच्या खटल्यात कोर्टाने पुन्हा सांगितलं की राज्याला कायदा करून फीवर नियंत्रण ठेवता येतं.

हा इतिहास का सांगितला, तर यात एक गाठ आहे जी सुटली की पुढचं सगळं समजतं. फी ठरवायचा पहिला अधिकार कॉलेजचा. प्राधिकरण फक्त बघतं की ही फी म्हणजे नफेखोरी तर नाही ना. म्हणजे सुरुवातीचा आकडा कॉलेज टाकतं, प्राधिकरणाच्या हातात कात्री असते, पेन नसतं. आणि ही कात्री कशावर चालते तर कॉलेजच्याच हिशेबावर. तुमच्या गावातल्या लोकांना परवडेल का, बापाचा पगार किती, पाऊस पडला का, हे प्रश्न त्या टेबलावर येतच नाहीत. 'परवडणं' हा विषय स्कॉलरशिपच्या खात्यात ढकललेला आहे, फीच्या खात्यात फक्त खर्च. हे वाचून मला पहिल्यांदा राग आला होता, नंतर कळलं की यंत्रणाच अशी बांधलेली आहे, ती या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलेलीच नाही.

आता गणित. घाबरू नका, भागाकार आहे. समजा एका कॉलेजचा वर्षाचा मान्य होण्यासारखा खर्च ९ कोटी ६० लाख आहे. यात सगळ्यात मोठा तुकडा पगारांचा, मग लॅब, लायब्ररी, वीज, दुरुस्ती, परीक्षा, ऑफिसखर्च, इमारत आणि यंत्रांचा घसारा, म्हणजे वर्षाची झीज. दरवर्षी २४० सीट आणि चार वर्षांचा कोर्स, म्हणजे ९६० मुलं. ९ कोटी ६० लाख भागिले ९६०, आले १ लाख रुपये डोक्यामागे. सोपं. पण आता समजा कॉलेजात प्रत्यक्षात ७२० च मुलं आहेत, बाकी सीट रिकाम्या. ७२० ने भागलं तर फी येते १ लाख ३३ हजार. खर्चात एक रुपया वाढला नाही, शिक्षक तेच, लॅब तीच, आणि फी तेहतीस टक्क्यांनी वर, आणि तीही कोणाला, तर जे बिचारे त्या कॉलेजात आले त्यांना, जे आले नाहीत त्यांचा भारही यांच्या डोक्यावर. म्हणून फीच्या भांडणात खर्चाच्या आकड्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, भांडण खालच्या आकड्यावर असतं. मंजूर क्षमतेने भागायचं की प्रत्यक्ष हजर मुलांनी? कॉलेजवाले म्हणतात रिकाम्या सीटचा पैसा आम्ही कुठून आणू, विद्यार्थी म्हणतात तुमच्या रिकाम्या सीटचा दंड आम्ही का भरू. दोघांचंही खरं आहे, आणि उत्तर मधे कुठेतरी काढावं लागतं.

याची उलटी बाजूही बघा. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने, चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांसाठी सीटसंख्येवरची कमाल मर्यादा काढली, मग कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्यांवर तुकड्या वाढल्या. मुलं दुप्पट झाली तरी प्राचार्य एकच, लायब्ररीची इमारत एकच, गेटवरचा वॉचमन तोच. मग डोक्यामागचा खर्च कमी व्हायला हवा की नाही? हा प्रश्न मी अजून एकाही पालकाला विचारताना ऐकलेलं नाही.

आता कात्री कुठे चालते ते सांगतो, हा माझ्या आवडीचा भाग, कारण ट्रस्टचे ताळेबंद बघताना आम्हालाही याच जागी डोळे बारीक करावे लागतात. कॉलेज चालवते संस्था, आणि एका संस्थेची दहा दुकानं असतात, एक इंजिनिअरिंग, एक फार्मसी, दोन शाळा, एखादं हॉस्टेल. मग खर्च कुठला कुणाच्या नावावर टाकायचा हा मोठा कलेचा विषय. संस्थेच्या अध्यक्षांची गाडी इंजिनिअरिंग कॉलेजच्या वाहनखर्चात. जमीन संस्थेची, इमारत संस्थेची, आणि कॉलेज संस्थेलाच भाडं देतंय, म्हणजे डाव्या खिशातून उजव्या खिशात, पण कागदावर मात्र खर्च. पेपरातल्या पानभर जाहिराती. कोर्टकचेरीची बिलं. शाळेच्या मैदानाचं काम कॉलेजच्या 'दुरुस्ती व देखभाल' मध्ये. मुलांच्या शिक्षणाशी जे जोडलेलं नाही ते फीतून वसूल होता कामा नये, हे तत्त्व सोपं आहे, पण अमलात आणायला प्रत्येक व्हाउचर उलगडावं लागतं.

आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पगार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार दाखवला की खर्च फुगतो आणि फीही. पण शिक्षकाच्या हातात तो पडतो का? विनाअनुदानित कॉलेजात शिकवणारा एखादा मित्र असेल तर त्याला चहा पाजून विचारा. खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि त्यातला काही भाग रोख परत द्यावा लागतो, असे किस्से तुमच्याही कानावर आले असतील. म्हणून बँकेची स्टेटमेंट, टीडीएस, पीएफचे भरणे हे सगळं पगारपत्रकाशी जुळवून बघणं याला अर्थ आहे. तरीही रोख परत घेतलेला पैसा कुठल्याच कागदावर दिसत नाही, आणि कात्री कागदावरच चालते. इथे यंत्रणेची पोच संपते, हे मान्य करायला पाहिजे.

आणखी एक, वेळेचा घोळ. पुढच्या वर्षाची फी ठरवायची तर प्रस्ताव आधीच्या वर्षात द्यावा लागतो, आणि तेव्हा ऑडिट झालेला हिशेब असतो त्याच्याही मागच्या आर्थिक वर्षाचा. समजा २०२५-२६ ची फी ठरवताय तर हातात ताळेबंद ३१ मार्च २०२४ चा. मधल्या काळात महागाई वाढली, पगारवाढ झाली, म्हणून मागच्या खर्चावर काही टक्के चढवून पुढचा अंदाज बांधतात. म्हणजे तुम्ही भरताय ती फी जुन्या खर्चाच्या फोटोवर थोडा रंग चढवून काढलेली असते. त्यात निर्णय लांबला तर अंतरिम फी जाहीर होते, ती तात्पुरती असते आणि अंतिम आदेश आला की फरकाचा हिशेब करायचा असतो. अंतिम आकडा जास्त आला तर कॉलेजचा मेसेज दुसऱ्या दिवशी येतो. कमी आला तर मेसेज येत नाही, तिथे आपण जाऊन विचारायचं असतं.

कॉलेजला आकडा पटला नाही तर ते फेरविचार मागू शकतं, पुढे हायकोर्टात जाऊ शकतं, आणि जातातही. काही कॉलेजं उलट, आम्हाला वाढ नकोच, मागच्या वर्षाचीच फी चालू ठेवा असं लिहून देतात. हे ऐकून कौतुक वाटतं, पण यात धंद्याचा हिशेबही असतो, सीट आधीच रिकाम्या, फी वाढवली तर उरलेली मुलंही जातील. आणि हे लक्षात असू द्या की मंजूर झालेली फी ही वरची मर्यादा आहे. त्यापेक्षा कमी घ्यायला कॉलेजला कोणाची बंदी नाही.

आता स्कॉलरशिपचं, कारण खरा फटका कुणाला बसतो ते इथे कळतं. महाराष्ट्रात खूप मुलांची फी पूर्ण किंवा अर्धी सरकार भरतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी. आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. हे सगळं महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरून, आणि कॅपमधून प्रवेश असेल तरच, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असेल तर विसरा.

इथे बारीक अक्षर बघा. माफी आहे ती 'शिक्षण शुल्क' म्हणजे ट्यूशन फीला. एफआरएच्या आदेशात मात्र दोन आकडे असतात, ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी, आणि त्या दोन्हींची बेरीज. डेव्हलपमेंट फी या दोन योजनांमध्ये येत नाही. 'मुलींना शिक्षण मोफत' असं ऐकून गेलेल्या पालकांना तिथे पैसे मागितल्यावर वाटतं फसवणूक झाली, पण त्यातला काही भाग ही डेव्हलपमेंट फी असते आणि ती नियमातलीच असते. पण यातून दुसरं काही लक्षात येतं. ट्यूशन फी वाढते तेव्हा त्यातला मोठा वाटा सरकारी तिजोरीतून जाणार असतो, म्हणून घरी बसलेल्या पालकाला ती वाढ जाणवतच नाही आणि ओरडही होत नाही. ओरडतो तो, ज्याचं उत्पन्न ८ लाख १० हजार आहे. पगारदार माणूस, फॉर्म १६ मध्ये सगळं दिसतं, लपवायला जागा नाही, सवलत शून्य, वाढ पूर्ण त्याच्या खिशातून.

तर मग आदेश बघायचा कसा. प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय मंजूर फी मिळते. मी भाचीच्या कॉलेजचा कोड टाकून काढली. संस्थेचं नाव, कोर्स, शैक्षणिक वर्ष, ट्यूशन, डेव्हलपमेंट, एकूण, बस्स. वर्ष नीट वाचा, लोक मागच्या वर्षाचा आकडा बघून येतात, आम्हीही तेच केलं होतं. कोर्सही बघा, एकाच कॉलेजात डिग्री, डिप्लोमा आणि एमबीए असेल तर तिन्हींची फी वेगळी. आणि अंतरिम की अंतिम तेही बघा.

मी तो आदेश पावतीशेजारी ठेवला तेव्हा खरी गंमत कळली. वाढ झाली होती हे खरंच, बाई खोटं बोलत नव्हत्या. पण आमच्याकडून घेतलेली रक्कम वाढलेल्या फीपेक्षाही जास्त होती. पावत्या दोन होत्या. एक कॉलेजची, तिच्यावर ट्यूशन आणि डेव्हलपमेंट, आदेशाशी पैशापैशाने जुळणारी. दुसरी संस्थेच्या नावाची, तिच्यावर 'ट्रेनिंग व स्किल डेव्हलपमेंट' आणि 'अ‍ॅक्टिव्हिटी', वेगळ्या रंगाचा कागद, वेगळं पावती पुस्तक. काउंटरवर दोन्ही आकडे एकत्र करून एकच रक्कम सांगितली गेली होती आणि त्या पूर्ण रकमेवर 'सरकारमान्य' चा शिक्का तोंडी मारला गेला होता. हॉस्टेल, मेस, बस याचे पैसे वेगळे असतात ते ठीक, वापरलं तर द्यायचे. परत मिळणारं डिपॉझिटही समजू शकतो. पण न मागितलेलं ट्रेनिंग?

जास्त फी घेतल्याची तक्रार प्राधिकरणाकडे करता येते आणि पैसे परत करायला लावायचा अधिकार त्यांच्याकडे आहे, त्यासाठी पावती मात्र हातात पाहिजे, पावती नाही तर काहीच नाही. हिशेबाचे कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा रस्ता आहे, प्राधिकरण सरकारी कायद्याने झालेलं आहे. आम्ही तिथपर्यंत गेलो नाही. ताईला भीती, पोरगी चार वर्षं तिथे शिकणार, कशाला वाकडं घ्यायचं. मी म्हटलं भांडायचं नाही, फक्त विचारायचं. आदेशाची प्रिंट काढली, दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या, आणि साधा अर्ज लिहिला की दुसऱ्या पावतीतली रक्कम कुठल्या आदेशानुसार घेतली ते लेखी कळवावे.

त्याच बाईंनी अर्ज घेतला, वाचला, आत गेल्या, दहा मिनिटांनी बाहेर आल्या. "सर म्हणतायत ट्रेनिंग ऐच्छिक आहे, नको असेल तर तसं लिहून द्या." ताईने तिथेच उभ्याउभ्या लिहून दिलं. पैसे तीन आठवड्यांनी खात्यात आले, अ‍ॅक्टिव्हिटीचे नाही आले, ते मागायला पुढच्या महिन्यात जाणार आहोत.